ग्रीन कार्डची लॉटरी: विभागवार कोटा कसा ठरतो आणि त्यात भारत का नसतो

"अमेरिकेची ती लॉटरी भरायची आहे" असं म्हणत बरेच जण आमच्याकडे येतात. त्यातल्या बहुतेकांना आम्ही फॉर्म न भरताच, फी न घेता परत पाठवतो. असं का करतो, ते कळावं म्हणून हे पत्रक.

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. तो सोडतीने देणारी ही लॉटरी, म्हणजेच डायव्हर्सिटी व्हिसा योजना, अमेरिकेच्या १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातून आली. ज्या देशांतून अमेरिकेत कमी माणसं जातात, तिथल्यांना संधी द्यायची, हा तिचा हेतू. व्हिसांची वार्षिक मर्यादा ५५,०००. इतर कायद्यांमुळे त्यातले काही वळते होतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा याच्या खालीच राहतो.

कोटा कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही, हिशेबावर ठरतो. आधीच्या पाच वर्षांत कुटुंबाच्या नात्यावर किंवा नोकरीवर किती जणांना ग्रीन कार्ड मिळालं, ते देशवार मोजतात; लॉटरीतून गेलेले यात धरत नाहीत. ज्या देशाचा आकडा ५०,००० च्या वर जातो, तो देश त्या वर्षी बाद. भारत यात अडकतो. आपल्याकडून माणसं फार जातात, हीच आपली अडचण.

मग जगाचे सहा विभाग: आफ्रिका, आशिया, युरोप, ओशनिया, उत्तर अमेरिका, आणि मेक्सिको व कॅरिबियनसह दक्षिण अमेरिका. एकूण स्थलांतरितांपैकी एक षष्ठांशाहून जास्त ज्या विभागातून आले, तो 'जास्तीचा' विभाग, बाकीचे 'कमीचे'. खरी गंमत पुढे आहे. वाटणी उलटी होते. समजा, जास्तीच्या विभागांतून शंभरातले ८० जण आले, तर लॉटरीतले ८० टक्के व्हिसा कमीच्या विभागांना जातात आणि जास्तीच्यांना उरतात २० टक्के. मग प्रत्येक गटात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटप होतं, मात्र बाद देशांची लोकसंख्या धरत नाहीत. म्हणजे आशियाचा वाटा काढताना भारत-चीनची माणसं हिशेबातच नसतात.

१९९५ चं वाटप पाहा: युरोप २४,५४९, आफ्रिका २०,२००, आशिया ६,८३७, दक्षिण अमेरिका विभाग २,५८९, ओशनिया ८१७. आणि उत्तर अमेरिका? फक्त ८! कॅनडा बाद, मेक्सिको दुसऱ्या विभागात. मागे उरला एकटा बहामाज.

शिवाय कोणत्याही एका देशाला एकूण व्हिसांच्या ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. नेपाळमधून अर्ज भरपूर येतात, म्हणून कोणत्या क्रमांकापर्यंत पाळी आली ते सांगणाऱ्या अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये आशियाच्या आकड्याखाली कधी कधी नेपाळचा आकडा वेगळा छापलेला दिसतो. नाव लागलं म्हणजे व्हिसा मिळाला, असंही नाही. निवड व्हिसांपेक्षा बऱ्याच जास्त जणांची करतात. आपल्या विभागातल्या यादीत आपल्या क्रमांकाची पाळी त्या व्हिसा-वर्षाच्या ३० सप्टेंबरपर्यंत आली नाही, तर संधी गेली.

आता आमच्या ग्राहकांच्या कामाची गोष्ट. देश ठरवताना पासपोर्ट कुठला ते पाहत नाहीत, जन्मस्थान पाहतात. आई-वडील रत्नागिरीचे, पासपोर्ट भारतीय, पण जन्म मस्कत, कुवेत किंवा दुबईचा असेल, तर तो देश यादीत असताना अर्ज करता येतो. नवरा किंवा बायको पात्र देशात जन्मलेली असेल, तर तिच्या देशावरही अर्ज चालतो. मात्र दोघांची नावं अर्जात हवीत आणि व्हिसा घेऊन प्रवेशही दोघांनी मिळून करायला हवा. भारतात जन्म झाला, पण त्या वेळी आई-वडिलांपैकी कोणीही इथलं रहिवासी नव्हतं आणि दोघांचाही जन्म इथला नाही, अशा दुर्मीळ प्रकरणात आई किंवा वडिलांचा जन्मदेश धरता येतो. बारावीपर्यंतचं शिक्षण किंवा ठरावीक कामांतला दोन वर्षांचा अनुभव मात्र लागतोच.

वरचं काहीच लागू नसेल आणि तरी एखादा एजंट "भारताचा कोटा सुटलाय" म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नका. "तुमची निवड झाली" अशा ईमेललाही भुलू नका. निकाल स्वतःच सरकारी साइटवर पाहावा लागतो. पात्र देशांची यादी दर वर्षी बदलू शकते आणि योजनेचे नियमही बदलतात, म्हणून अर्जाआधी अमेरिकी परराष्ट्र खात्याची त्या वर्षीची सूचना आम्ही तुमच्यासमोर उघडून वाचतो. येताना तुमचा, जोडीदाराचा आणि जमल्यास आई-वडिलांचा जन्मदाखला आणा. पाहणीचे पैसे घेत नाही.