गोचीड, लाल मांसाची ॲलर्जी आणि इंटरनेटवरचा शोध : पार्श्वभूमी

जेवण संध्याकाळी सातला झालं आणि त्रास रात्री अकराला सुरू झाला, तर दोन्हींचा संबंध सहसा कुणी जोडत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी काही मिनिटांत अंगावर दिसते. आल्फा-गॅल सिंड्रोम या गोचिडीच्या चाव्यातून येणाऱ्या लाल मांसाच्या ॲलर्जीत मात्र गाय, डुक्कर किंवा मेंढीचं मांस खाल्ल्यावर दोन ते सहा तास काहीच होत नाही. मग तळहातांना खाज सुटते, अंगभर पित्त उठतं, पोटात कळा येतात, ओठ सुजतात, कधी रक्तदाब एकदम कोसळतो. आणि हे दर जेवणानंतर होतंच असंही नाही. असे रुग्ण डॉक्टरांइतकाच सर्च इंजिनचा आधार घेतात, याचं मला नवल वाटत नाही. त्यांच्यावर ती वेळ का आली, हे कळायला वीसेक वर्षं मागे जावं लागतं.

या आजाराचा माग लागला तो कर्करोगाच्या औषधामुळे. सेटुक्सिमॅब या औषधाला अमेरिकेत 2004 मध्ये मंजुरी मिळाली. पुढे टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या बऱ्याच रुग्णांना पहिल्याच डोसला तीव्र ॲलर्जी येऊ लागली, तर बॉस्टनकडे असं क्वचितच घडत होतं. औषध तेच, मग फरक कशाचा? व्हर्जिनिया विद्यापीठातले थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे लागले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर मिळालं : हे औषध कधीच न घेतलेल्या लोकांच्या रक्तातही त्याच्याविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं (ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं) होती, टेनेसीत सुमारे 21 टक्के लोकांत, बॉस्टनमध्ये 1 टक्क्याहूनही कमी. प्रतिपिंडांचा रोख होता औषधाच्या रेणूवरच्या आल्फा-गॅल या शर्करेवर. औषध उंदराच्या पेशींमध्ये तयार होत असल्यामुळे ती त्यात आली होती. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात ही शर्करा असते; माणसात आणि वानरांत नसते.

मग दोन धागे जुळले. 2009 मध्ये याच गटाने लाल मांस खाल्ल्यावर काही तासांनी त्रास होणाऱ्या 24 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दुसरा धागा नकाशाचा. औषधाची ॲलर्जी जिथे जास्त, तो भाग रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर या गोचिडींमुळे पसरणाऱ्या तापाच्या पट्ट्याशी जुळत होता, आणि तिथे लोन स्टार जातीची गोचीड मुबलक होती. स्वतः प्लॅट्स-मिल्स यांना 2007 मध्ये डोंगरात फिरताना गोचिडीची असंख्य पिल्लं चावली, रक्तातली प्रतिपिंडं वाढली, आणि नंतर मेंढीचं मांस खाल्ल्यावर काही तासांनी अंगावर पित्त उठलं. गोचिडीच्या चाव्याचा संबंध मांडणारा त्यांचा शोधनिबंध 2011 चा. पण सिडनीच्या शेरिल व्हॅन न्यूनेन यांनी ऑस्ट्रेलियातल्या वेगळ्याच गोचिडीबद्दल हा संबंध 2007 मध्येच मांडला होता. त्यांचं श्रेय अमेरिकी बातम्यांत अनेकदा राहून जातं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

कारण कळलं, तरी ते दवाखान्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला. 2017 च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात 28 रुग्णांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी सात वर्षांहून जास्त काळ गेल्याचं दिसलं. सीडीसी या अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्यसंस्थेने जुलै 2023 मध्ये 1,500 डॉक्टर आणि आरोग्यसेवकांच्या पाहणीचे निष्कर्ष दिले : 42 टक्क्यांनी या आजाराचं नावच ऐकलेलं नव्हतं. त्याच वेळी सीडीसीने 2010 ते 2022 दरम्यान 1,10,000 हून अधिक संशयित रुग्ण आढळल्याचं आणि प्रत्यक्ष आकडा 4,50,000 पर्यंत असू शकतो असं सांगितलं. हे दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवून वाचले की माणसं मोबाइलवर उत्तरं का शोधतात, ते वेगळं सांगावं लागत नाही.

निदान झालं म्हणून शोध संपत नाही, उलट वाढतो. गोळीची कॅप्सूल जिलेटिनची, आणि ते गाय किंवा डुकरापासून आलेलं. रक्त पातळ करणारं हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात. काहींना दूधही सोसत नाही. अमेरिकी कायद्यानुसार वेष्टनावर ठळक लिहायच्या नऊ प्रमुख ॲलर्जीकारकांत दूध सोडलं तर सस्तन प्राण्यांपासून आलेले घटक नाहीत. ‘नैसर्गिक स्वाद’ एवढ्या दोन शब्दांमागे ते लपू शकतात. त्यामुळे प्रत्येक नवी बाटली, प्रत्येक नवी गोळी म्हणजे पुन्हा नवा शोध.

लोकांच्या या शोधांवरून आजाराचा अंदाज बांधण्याची कल्पना मात्र या आजारासाठी निघालेली नाही. लोक गूगलवर काय आणि किती शोधतात हे दाखवणारं गूगल ट्रेंड्स 2006 मध्ये आलं, 2008 मध्ये शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज देणारं गूगल फ्लू ट्रेंड्स. 2010 मध्ये लाइम या गोचिडीच्याच आजारावर अशी पडताळणी झाली आणि शोधांचा हंगाम व प्रदेश आजाराच्या हंगामाशी, प्रदेशाशी बऱ्यापैकी जुळला. फ्लू ट्रेंड्सने मात्र 2012-13 च्या हंगामात रुग्णसंख्या फार फुगवून दाखवली आणि 2015 मध्ये ते बंद झालं. आल्फा-गॅलच्या बाबतीत हा धोका मला जास्तच वाटतो. एक मोठी बातमी आली की गोचीड कधी न पाहिलेली शहरंही तेच शोधू लागतात. शिवाय गूगल ट्रेंड्स आकडे 0 ते 100 अशा सापेक्ष पट्टीवर देतं आणि शोध फार थोडे असतील तिथे शून्य दाखवतं. विरळ वस्तीचे, झाडीचे, गोचिडींनी भरलेले भाग नेमके त्यातच हरवतात.

तरी हा स्रोत टाकून देता येत नाही, कारण दुसऱ्या नोंदी फार उशिरा सुरू झाल्या. सस्तन प्राण्यांच्या मांसाच्या ॲलर्जीसाठी अमेरिकी वैद्यकीय नोंदींत स्वतंत्र कोड ऑक्टोबर 2021 मध्ये आला. त्याआधीचे रुग्ण ‘इतर अन्नाची ॲलर्जी’ अशा कप्प्यांत विखुरलेले आहेत. प्रयोगशाळांचे आकडे हाताशी आहेत, पण चाचणी होकारार्थी आली म्हणजे आजार आहेच असं नाही. जर्मनीत वनकर्मचारी आणि शिकाऱ्यांची तपासणी झाली तेव्हा साधारण दर तिघांपैकी एकाच्या रक्तात ही प्रतिपिंडं सापडली. मांस खाऊन त्रास होणारे त्यातले थोडेच होते. म्हणून रक्ताच्या अहवालाबरोबर कधी काय खाल्लं, किती तासांनी काय झालं आणि गोचीड चावली होती का, हे डॉक्टरांनी विचारायलाच हवं.