कुरुझूच्या पायऱ्यांवरून निघालेला ढोल

ब्राझीलच्या साल्वादोर शहरात कार्निव्हलच्या शनिवारी रात्री कुरुझूच्या चढावर पाय ठेवायला जागा नसते. एका घराच्या पायऱ्यांवर पांढऱ्या कपड्यांतल्या बायका उभ्या असतात. त्या गर्दीवर मक्याच्या लाह्या उधळतात. लाह्या ओमोलूच्या, म्हणजे रोगराई देणाऱ्या आणि तीच बरी करणाऱ्या देवाच्या. मग पांढरी कबुतरं सोडली जातात, पहिला ठोका पडतो आणि ‘इले आये’ या गटाची मिरवणूक उतारावरून निघते. ढोल वाजवणारी बरीचशी मंडळी याच वस्तीत, याच गटाच्या वर्गांत शिकून मोठी झालेली असतात.

संगीतातून वस्तीतल्या मुलांना उभं करण्याची गोष्ट निघाली की जगभर या शहराचं नाव घेतलं जातं. पण इथे कुणी बाहेरून येऊन मुलांच्या हाती वाद्यं दिली नाहीत. आधी ढोल होता, त्याच्यावर बंदी होती, मग त्याचा अभिमान आला आणि शाळा सगळ्यात शेवटी आली. हा क्रम ध्यानात घेतला नाही तर पुढचं काहीच नीट कळत नाही.

साल्वादोर १५४९ साली वसलं आणि १७६३ पर्यंत ते पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होतं. गुलामांच्या व्यापारात ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं उतरवली गेली. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट आणलेल्यांचा आकडा चार लाखांच्या आसपास आहे, यावरून व्याप्ती लक्षात यावी. बाहिया प्रांत या व्यापाराचं मोठं केंद्र होता. शेवटच्या काळात इथे आलेल्यांमध्ये आजच्या नायजेरिया-बेनिन भागातले योरुबा लोक खूप होते. त्यांनी आपले देव, आपली भाषा आणि आपले ताल सोबत आणले. त्यातूनच ‘कांदोम्ब्ले’ हा धर्म आकाराला आला. त्याच्या ठाण्यात, म्हणजे पूजेच्या जागी, तीन ढोल असतात: रुम, रुम्पी आणि ले. त्यांची प्रतिष्ठापना होते, त्यांना नैवेद्य दाखवला जातो, आणि देव अंगात येतो तो या ढोलांच्या हाकेने.

सत्तेला या ढोलाची धास्ती होती. जानेवारी १८३५ मध्ये साल्वादोरच्या मुस्लिम आफ्रिकी गुलामांनी आणि मुक्त झालेल्यांनी बंड केलं. ते एका रात्रीत चिरडलं गेलं, पण आफ्रिकी माणसं एकत्र जमली की शहराच्या मालकांना घाम फुटू लागला. १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी संपली. दोन्ही अमेरिका खंडांत ती सर्वांत शेवटी संपवणारा देश ब्राझील. मोकळ्या झालेल्यांना ना जमीन मिळाली, ना भरपाई. ढोल तर मोकळा झालाच नाही. १९०५ मध्ये साल्वादोरच्या कार्निव्हलमध्ये आफ्रिकी ढोलपथकांना मनाई झाली. पोलिस कांदोम्ब्लेच्या ठाण्यांवर धाडी घालून वाद्यं उचलून नेत. पुढे नोंदणी आणि परवान्याची सक्ती आली, ती बाहियात १९७६ पर्यंत टिकली. देवापुढे ढोल वाजवायचा तर आधी पोलिसांच्या दारात जायचं, अशी पद्धत माणसांच्या आठवणीतल्या काळापर्यंत होती.

याच काळात आपल्याशी जोडलेला एक धागा दिसतो. गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, १९४९ मध्ये, साल्वादोर बंदरातल्या गोदी कामगारांनी कार्निव्हलसाठी गट काढला आणि त्याला नाव दिलं ‘फिल्यूस दे गांधी’, म्हणजे गांधींचे पुत्र. पांढरी वस्त्रं, डोक्याला पांढरा फेटा, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. वाजवत मात्र ते कांदोम्ब्लेचा इजेशा ताल. बंदरात संपाचं आणि पोलिसी धाकाचं वातावरण होतं. शांततेच्या माणसाचं नाव पुढे केलं तर आपल्याला रस्त्यावर चालू देतील, हा त्यात हिशोबही होता आणि श्रद्धाही. हा गट आजही निघतो.

खरं वळण आलं ते १ नोव्हेंबर १९७४ रोजी, लिबर्दादे भागातल्या कुरुझू वस्तीत. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. कार्निव्हलमधले मोठे गट सदस्य घेताना फोटो मागत आणि चेहरा पाहून नकार देत. काळ्या मुलांना तिथे काम होतं ते वाजवण्याचं आणि ओझी उचलण्याचं. अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पॉवर’ चळवळीच्या बातम्या आणि आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र होत असल्याच्या खबरा या वस्तीपर्यंत पोहोचत होत्या. व्होव्हो नावाने ओळखला जाणारा तरुण आणि त्याचा मित्र अपोलोनिओ यांनी ठरवलं, फक्त काळ्यांचा गट काढायचा. दोनच वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली होती, तीही अमेरिकेतल्याच काळ्या चळवळीकडून नाव घेऊन. लाट एकच होती, ती दोन किनाऱ्यांना लागली.

साल्वादोरच्या मुलांना नाव हवं होतं ‘काळी सत्ता’. त्या राजवटीत ते चालणार नव्हतं, म्हणून योरुबातलं ‘इले आये’ घेतलं. इले म्हणजे घर, आये म्हणजे जग. १९७५ च्या कार्निव्हलला ते पहिल्यांदा निघाले तेव्हा शंभरेक जण असतील. स्थानिक वर्तमानपत्राने त्यांनाच वंशवादी ठरवलं. आईबाप धास्तावले होते, मुलं पकडली जातील म्हणून. त्या वेळी पाठीशी उभी राहिली व्होव्होची आई, माईं हिल्दा, वस्तीतल्या कांदोम्ब्ले ठाण्याची प्रमुख. (पोर्तुगीजमध्ये आईला ‘माईं’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द परका वाटत नाही.) ती स्वतः मुलांबरोबर रस्त्यावर चालली. ठाण्याची आई पुढे असताना हात उचलणं पोलिसांनाही सोपं नव्हतं. या सगळ्या कथेत मला सर्वांत मोठं काम तिचं वाटतं. १९८८ मध्ये तिच्याच ठाण्याच्या जागेत लहान मुलांची शाळा सुरू झाली. देवाच्या ढोलाशेजारी पाटी-पेन्सिल आली.

इले आयेने आणखी एक गोष्ट केली, तिचं मोल फारसं कुणी सांगत नाही. दर वर्षी कार्निव्हलसाठी एक विषय घ्यायचा: आफ्रिकेतला एखादा देश, एखादं राज्य, एखादं बंड. त्यावर माहिती जमवून पुस्तिका काढायची, ती वस्तीतल्या गीतकारांच्या हाती द्यायची, त्यांनी गाणी रचायची आणि स्पर्धेतून निवडलेली गाणी रस्त्यावर गायची. शाळेच्या पुस्तकात आफ्रिका म्हणजे गुलामांचं जहाज, एवढंच होतं. इथे पंधरा वर्षांचा मुलगा नाचता नाचता राजांची नावं पाठ करू लागला.

हाच धडा १९७९ मध्ये पेलोरिन्योत सुरू झालेल्या ‘ओलोदुम’ने गिरवला. पेलोरिन्यो हा जुना भाग. नावाचा अर्थ फटके मारण्याचा खांब. गुलामांना जिथे बांधून मारत, त्याच्या नावाची वस्ती. सत्तरच्या दशकात तिथे पडके वाडे, वेश्यावस्ती आणि पराकोटीची गरिबी होती. ओलोदुमने १९८७ साली इजिप्त हा विषय घेतला. ‘फॅरो काळे होते’ हा विचार आणि इजिप्तच्या देवांची नावं त्या कार्निव्हलमध्ये सगळं शहर गाऊ लागलं.

तिथला ताल घडवला नेगिन्यो दो सांबा या ढोलवादकाने. आधी तो इले आयेत वाजवायचा. सांबाची लगबग त्याने आवरली आणि त्यात जमैकाच्या रेगेची ढील आणली. यातले मोठे ढोल म्हणजे ‘सुर्दो’. पट्ट्याने कमरेला अडकवलेले, भरीव बोंड्याच्या काठीने वाजवायचे. एक सुर्दो प्रश्न टाकतो, दुसरा किंचित वरच्या सुरात उत्तर देतो, तिसरा मधल्या फटी भरतो. वरून ‘रेपिकी’ नावाचे छोटे ढोल बारीक, लवचिक काड्यांनी कडकडतात. यात कुणीही एकट्याने वाजवून गाणं होत नाही. प्रश्न टाकणाऱ्याला उत्तर येईपर्यंत थांबावंच लागतं. ढोल-ताशा पथकात उभा राहिलेल्या कुणालाही ही शिस्त अंगाने समजेल. या तालाला ‘सांबा-रेगे’ नाव पडलं. ऐंशीच्या दशकातच ओलोदुमने रस्त्यावरच्या मुलांसाठी ढोलाचे वर्ग सुरू केले. १९९० मध्ये त्याचा नाट्यगट उभा राहिला. ब्राझीलचा आजचा नामवंत अभिनेता लाझारो रामोस त्यातूनच पुढे आला.

त्याच वर्षी अमेरिकी गायक पॉल सायमनच्या अल्बममध्ये हे ढोल जगाने ऐकले. १९९६ मध्ये मायकल जॅक्सन पेलोरिन्योत चित्रीकरणाला आला तेव्हा त्याच्याभोवती दोनेकशे ढोलवादक होते. पण तोवर वस्तीचं काय झालं होतं? १९८५ मध्ये हा भाग जागतिक वारसा ठरला आणि १९९२ पासून सरकारने वाडे दुरुस्त करायला घेतले. हजारो रहिवाशांना किरकोळ भरपाई देऊन बाहेर काढलं. रंगवलेल्या वाड्यांत दुकानं आणि हॉटेलं आली. ज्यांच्या ढोलामुळे जागेला भाव आला, त्यांतल्या अनेकांना तिथे राहणं परवडलं नाही. मला हे फार लागतं.

नेगिन्योने १९९३ मध्ये ‘दिदा’ काढलं, फक्त बायका-मुलींचं पथक. कांदोम्ब्लेचे पवित्र ढोल परंपरेने पुरुष वाजवतात, आणि रस्त्यावरही जड सुर्दो पुरुषांच्याच कमरेला असायचा. दिदाच्या मुलींनी तो बांधला. नेगिन्यो आणि माईं हिल्दा दोघंही २००९ मध्ये गेले. दिदाचे वर्ग थांबले नाहीत.

२००३ मध्ये कायदा झाला: ब्राझीलच्या प्रत्येक शाळेत आफ्रिकेचा आणि आफ्रो-ब्राझिलियन लोकांचा इतिहास शिकवायचा. कुरुझूच्या पुस्तिकांतून जे पंचवीसेक वर्षं चाललं होतं, ते आता सरकारी अभ्यासक्रमात आलं. २०२३ मध्ये देशाची संस्कृतिमंत्री झाली मार्गारेथ मेनेझिस. १९८७ मध्ये ओलोदुमचं ते इजिप्तवरचं गाणं रेकॉर्ड करणारी साल्वादोरची काळी गायिका ती हीच.

कार्निव्हलमध्ये मात्र मोठ्या गटांभोवती अजून दोर असतो. आत प्रवेशाचे महागडे अंगरखे विकत घेतलेले लोक नाचतात, बाहेर उरलेलं शहर. दोर धरून तासन्‌तास चालणारे रोजंदारीवरचे तरुण बहुतेक काळे असतात, लिबर्दादेसारख्याच वस्त्यांतून आलेले. त्यांच्यातलाच एखादा शनिवारी रात्री कुरुझूच्या चढावर सुर्दो कमरेला बांधतो आणि रविवारी सकाळी दोर धरायला जातो.