पाण्याच्या पंपाला वॉचडॉग लावताना

मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांत पालिकेचं पाणी आधी तळटाकीत उतरतं आणि पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. पंप सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा प्रोग्राम पंप चालू असतानाच अडकला, तर फ्लोट (टाकी भरल्याचं सांगणारा तरंगता स्विच) वर आल्याचं वाचणारं कुणी उरत नाही. गच्चीवरून पाणी वाहतं, नाहीतर तळटाकी संपल्यावरही पंप कोरडा फिरत राहतो आणि त्याचं सील जळतं. रात्री दोन वाजता बोर्डाची वीज बंद-चालू करायला माणूस नसतो. ते काम वॉचडॉगचं.

वॉचडॉग हा उलटा मोजणारा टायमर. प्रोग्रामने मुदतीत त्याचा आकडा पुन्हा भरला नाही, तर तो शून्यावर येतो आणि प्रोसेसर रीसेट करतो. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या ‘ब्लू पिल’ बोर्डावरच्या एसटीएम३२एफ१०३ चिपचा स्वतंत्र वॉचडॉग प्रोसेसरला ठोके देणाऱ्या मुख्य क्रिस्टलवर नव्हे, तर चिपच्या आतल्या ४० किलोहर्ट्झच्या ऑसिलेटरवर (ठोके देणाऱ्या सर्किटवर) चालतो. क्रिस्टल बंद पडला तरी पहारा चालू राहतो तो यामुळेच. वॉचडॉगच्या रजिस्टरचं (सेटिंग साठवणाऱ्या खणाचं) कुलूप हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातला आकडा, ५५५५ लिहून उघडा, प्रीस्केलर (ठोक्यांना भागणारा आकडा) ६४ आणि रीलोड (मोजणी जिथून सुरू होते तो आकडा) १२४९ ठेवा. ४०,००० भागिले ६४ म्हणजे सेकंदाला ६२५ टप्पे, म्हणून १२४९ पासून शून्य धरून १२५० टप्प्यांना २ सेकंद. पण हा ऑसिलेटर ३० ते ६० किलोहर्ट्झ यांमध्ये कुठेही असू शकतो. तुमचे २ सेकंद प्रत्यक्षात १.३३ किंवा २.६७ सेकंदही असतील. म्हणून मुख्य लूपची (प्रोग्राम पुन्हा पुन्हा फिरवतो त्या कामांची) सगळ्यात लांब फेरी एका सेकंदाच्या आत संपलीच पाहिजे. हेक्स सीसीसीसी लिहून वॉचडॉग एकदा सुरू केला, की रीसेटशिवाय तो थांबत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे टायमर इंटरप्टमधून (ठरावीक वेळाने मुख्य काम थांबवून धावणाऱ्या तुकड्यातून) आकडा भरणं. मुख्य लूप मेला तरी इंटरप्ट वाजत राहतो आणि वॉचडॉगला सगळं ठीक वाटतं. त्याऐवजी फ्लोट वाचणं, पंपाचा करंट मोजणं आणि रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) चालू की बंद ते ठरवणं या तिन्ही कामांना एकेक फ्लॅग (काम झाल्याची खूण) द्या. तिन्ही फ्लॅग लागले तरच, तेही लूपमध्ये एकाच जागी, आकडा पुन्हा भरणारा हेक्स एएएए लिहा आणि फ्लॅग पुसा.

खाली खेचली की चिप रीसेट करणाऱ्या रीसेट पिनचा त्रास वेगळा. काँटॅक्टर (पंपाची वीज जोडणारा मोठा स्विच) सुटताना त्याच्या कॉइलमधून उसळणारा व्होल्टेज लांब तारेवरून पिनपर्यंत पोहोचतो आणि बोर्ड विनाकारण रीसेट होतो. पिनजवळच १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर ग्राउंडला जोडा आणि एसी कॉइलवर १०० ओहम व ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (उसळी शोषणारी जोडी) लावा. त्यातला कॅपॅसिटर एक्स२ वर्गाचाच, म्हणजे मेन्सच्या विजेवर लावण्यासाठीचा सुरक्षित, हवा. बाहेरून सुपरव्हायझर चिप (व्होल्टेजवर नजर ठेवून रीसेट देणारी) लावणार असाल तर ओपन-ड्रेन आउटपुटची, म्हणजे पिन फक्त खाली खेचणारी, घ्या. आतला रीसेट होताना एसटीएम३२ स्वतःच ही पिन खाली खेचते. वर-खाली दोन्हीकडे ढकलणारं पुश-पुल आउटपुट त्याच वेळी पिन वर ढकलत असेल, तर दोघांची झुंज लागते.

रीसेटच्या क्षणी चिपच्या जवळजवळ सगळ्या पिना मोकळ्या सुटतात, म्हणजे त्यांना कुणीच वर किंवा खाली धरत नाही. रिले चालवणाऱ्या मॉस्फेटच्या (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) गेटवरून, म्हणजे त्याच्या नियंत्रणाच्या पायावरून, ग्राउंडला १० किलोओहम लावलेला नसेल, तर नेमक्या त्याच क्षणी पंप चालू होऊ शकतो. एवढा एक स्वस्त रेझिस्टर विसरू नका.

प्रोग्रामच्या सुरुवातीलाच रीसेटचं कारण सांगणारे फ्लॅग आरसीसी_सीएसआर रजिस्टरमधून वाचून साठवा, मग पुसा. न पुसता पुढे गेलात तर पुढच्या खेपेला जुनं कारण नव्यात मिसळतं. वॉचडॉगमुळे लागोपाठ तीन रीसेट झाले, तर पंप बंद ठेवून लाल दिवा लावा. ही मोजणी बॅकअप रजिस्टरमध्ये (रीसेट झाला तरी टिकणाऱ्या खणात) ठेवा, साध्या व्हेरिएबलमध्ये नको. रीसेटनंतर सगळ्यात आधी धावणारा स्टार्टअप कोड ते दर वेळी पुसतो.

बसवण्याआधी प्रोग्राममध्ये मुद्दाम एक न संपणारा लूप टाका आणि घड्याळ लावून पंप किती सेकंदांत बंद होतो ते पाहा. ही तपासणी डीबगर (प्रोग्राम थांबवून तपासायचं साधन) काढून करा. त्यात वॉचडॉग गोठवायचं सेटिंग चालू असेल, तर प्रोग्राम थांबलेला असतानाची मोजणी फसवी येते.