काळ्या मातीच्या मुलखात शाफ्टवर लाल भुकटी

खानदेशात मोटरसायकलच्या कानाकोपऱ्यांत साचणारी धूळ काळी असते. कपाशीच्या रानातून, केळीच्या बागेतून गाडी फिरते, तेव्हा दुसरं काय साचणार? म्हणून पुढच्या स्पॉकेटवरचं, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकावरचं, झाकण काढल्यावर शाफ्टभोवती गेरूच्या रंगाची भुकटी दिसली, तर ती शेतातली नाही हे लगेच ओळखावं. ते झिजलेल्या पोलादाचं ऑक्साइड आहे.

गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला लांबीच्या दिशेने खाचा कापलेल्या असतात. त्या म्हणजे स्प्लाइन. स्पॉकेटचे आतले दाते या खाचांत बसतात, आणि दोन बोल्टची लॉक प्लेट त्याला बाहेर सरकू देत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत स्पॉकेट शाफ्टवर आवळलेलं नसतं, हाताने किंचित हलतं. चेनच्या रेषेत त्याला आपोआप बसता यावं म्हणून ती फट मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे नव्या गाडीत स्पॉकेट जरा हललं म्हणून घाबरू नये.

या एवढ्याशा जागेवर येणारा भार मात्र प्रचंड असतो. 100 सीसी इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण 8 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो अकरा-बारा पट होऊन शाफ्टवर 90 च्या आसपास पोचतो. 14 दात्यांच्या स्पॉकेटवरून हाच टॉर्क चेनला 300 किलोहून जास्त ओढ देतो. शाफ्टची त्रिज्या स्पॉकेटच्या त्रिज्येहून कितीतरी कमी, जेमतेम 9-10 मिलिमीटर. म्हणजे स्प्लाइनच्या दात्यांवर मिळून सुमारे एक टन जोर. तोरणमाळचा घाट डबलसीट चढताना हा जोर पुन्हा पुन्हा येतो.

तरी नुसत्या जोराने हे पोलाद झिजत नाही. झिजवते ती डोळ्यांना न दिसणारी हालचाल. चेन नेहमी मागेच ओढते आणि शाफ्ट फिरत राहतो. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात स्पॉकेट त्या फटीत केसाच्या जाडीहूनही कमी सरकतं आणि परत येतं. एका किलोमीटरमध्ये शाफ्टचे अंदाजे 1,700 फेरे होतात. भुसावळहून जळगावला पोचेपर्यंत ही घासाघीस चाळीस हजारांवर वेळा झालेली असते. दोन पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना चिकटतात, तुटतात, आणि तुटलेला कण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून लाल आयर्न ऑक्साइड होतो. याला फ्रेटिंग म्हणतात. 1927 मध्ये टॉमलिन्सन या ब्रिटिश संशोधकाने त्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. ही भुकटी साध्या लोखंडापेक्षा कठीण असते. सराफ सोन्याला झिलई देताना वापरतात ती लाल पूड रसायन म्हणून हीच. फटीत अडकून ती खाचा घासत राहते, फट वाढते, आणि वाढलेल्या फटीत हालचाल आणखी वाढते. शाफ्टचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो. तो संपला की आतलं मऊ पोलाद भराभर झिजतं.

त्याच शाफ्टवरचे आतले गिअर वर्षानुवर्षं टिकतात, कारण ते ऑइलमध्ये असतात. ऑइल सील त्या ऑइलला बाहेर येऊ देत नाही, त्यामुळे स्प्लाइन कोरडीच राहते. पावसाळ्यात चिखल भरला आणि गाडी प्रेशरने धुतली, की उरलंसुरलं ग्रीसही जातं.

माझ्या मते वेळेआधीच्या झिजेचं सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे ताणलेली चेन. गॅरेजमध्ये रिकामी गाडी स्टँडवर लावून चेन ‘टाइट’ केली जाते. मग त्याच गाडीवर 40 लिटरचे दोन दुधाचे कॅन लागतात, म्हणजे 80 किलोंहून जास्त वजन. मागचे शॉकअप दबतात, चाक वर येतं. शाफ्ट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आले की शाफ्ट आणि चाकामधलं अंतर सर्वांत जास्त होतं. चेनला ढील उरलेली नसेल, तर तो सगळा ताण शाफ्टच्या टोकावर येतो आणि फ्रेटिंगला हवा तो दाब मिळतो. बेरिंगही त्यातच जातं.

बाकीची कारणं थोडक्यात. मागच्या चाकातली झटके शोषणारी कपलिंग रबरं चपटी झाली की इंजिनचे झटके थेट दात्यांवर बसतात. चाक तिरकं बसलं की चेन स्पॉकेटला एका बाजूला ओढते. स्वस्तातल्या स्पॉकेटचं भोक ढिलं असतं. आणि झिजलेल्या शाफ्टवर नवं स्पॉकेट चढवलं, तर तेही लवकर जातं.

शेवटी खाचा पार झिजतात; मग गिअर पडतो, इंजिन रेस होतं आणि गाडी जागची हलत नाही. पुष्कळदा क्लच गेला असं समजून नव्या प्लेटा टाकल्या जातात. काही जण स्पॉकेट शाफ्टलाच वेल्डिंग करून घेतात. हे कृपया करू नका. त्या उष्णतेने शाफ्टचा कडकपणा जातो, सील जळतं, आणि पुढच्या वेळी इंजिन उघडण्यावाचून इलाज राहत नाही. शाफ्ट बदलायला इंजिन पूर्ण खोलावं लागतं. त्यापुढे स्पॉकेटची किंमत काहीच नाही.

चेन किट बदलताना मेकॅनिकला खाचा ब्रशने साफ करून मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस पातळ लावायला सांगा. चेनची ढील गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. छोट्या गाड्यांत ती बहुधा 20 ते 30 मिलिमीटर असते. एकदा गाडीवर रोजचं ओझं लादून, दोघांना बसवून, खालच्या बाजूने चेन बोटाने उचलून पाहा. भरल्या गाडीवरही ती थोडी हलायला हवी.