सर्व्हिस अकाउंट (युनिक्सवरील डेटाबेस)

युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हरवर डेटाबेसची प्रोसेस ज्या खात्याच्या नावाने चालते ते खाते. डेटाबेसमधून कोणी आत शिरलेच, तरी अख्खे मशीन त्याच्या हाती लागू नये म्हणून ते रूटपासून, म्हणजे मशीनवरचे सर्व अधिकार असलेल्या खात्यापासून, वेगळे ठेवतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस रूटच्या नावाने सुरूच होत नाही. ओरॅकल डेटाबेसचा इन्स्टॉलरही रूटला चालवता येत नाही. त्यासाठी वेगळे खाते, बहुधा ‘ओरॅकल’ याच नावाचे, आणि ‘ओआयइन्स्टॉल’, ‘डीबीए’ हे गट आधी करून ठेवतात.

पॅकेजमधून इन्स्टॉल केल्यास मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसांची खाती आपोआप तयार होतात. खरी अडचण येते ती जुनी डिस्क नव्या मशीनला जोडताना. कोकण किनाऱ्यावर पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या, आंबा व्यापारी यांचा सर्व्हर पुष्कळदा ऑफिसातच, यूपीएसच्या भरवशावर असतो आणि आगोटीपासून विजेचा लपंडाव सुरू होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी मशीन जळाले आणि डिस्क वाचली, तर सभासदांच्या ठेवींचा हिशेब त्या डिस्कवरूनच उभा करावा लागतो.

डिस्कवर फाइलच्या मालकाचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. रेड हॅट या लिनक्सवर पोस्टग्रेसला २६ आणि मायएसक्यूएलला २७ हे क्रमांक ठरलेले आहेत. उबुंटू आणि डेबियन या लिनक्सांवर १०० ते ९९९ यांतला मोकळा असेल तो मिळतो. जुन्या मशीनवर पोस्टग्रेसचा क्रमांक ११३ होता आणि नव्यावर ११३ दुसऱ्याच सेवेकडे गेला असेल, तर सगळा डेटा त्या सेवेच्या मालकीचा दिसतो. पोस्टग्रेस मात्र मालकी किंवा परवानगीची चूक दाखवून थांबतो. म्हणून आधी ‘आयडी’ कमांडने खात्याचा क्रमांक पाहावा, मग ‘एलएस’ला ‘एन’ हा पर्याय जोडून फाइलींवरचा क्रमांक पाहावा. दोन्ही जुळत नसतील, तर सेवा बंद ठेवून फाइलींची मालकी बदलावी. डेटा डिरेक्टरीतल्या (डेटाबेसच्या फोल्डरातल्या) सिम्बॉलिक लिंकमागे, म्हणजे दुसऱ्या जागेकडे नेणाऱ्या दुव्यामागे, दुसऱ्या डिस्कवर असलेल्या टेबलस्पेस (टेबलांच्या फाइली ठेवण्याच्या जागा) या बदलातून सुटतात. त्यांची मालकी वेगळी बदलावी लागते.

घाईत सरसकट ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे करण्याची, परवानगी देण्याची सवय मोडायलाच हवी. त्याने काम होतही नाही: पोस्टग्रेसला डेटा डिरेक्टरीवर ७०० (फक्त मालकाला) किंवा, ११व्या आवृत्तीपासून, ७५० (गटाला फक्त वाचण्यापुरती) एवढीच परवानगी चालते आणि कोणालाही लिहिता येईल अशी कॉन्फिग (सेटिंगची) फाइल मायएसक्यूएल वाचतच नाही. वीज आल्यावर कोणी मायएसक्यूएल रूटच्या नावाने चालू केला असेल, तर त्या वेळी तयार झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या राहतात आणि पुढची नेहमीची सुरुवात अडते.

मालकी बरोबर असूनही सेवा उठत नसेल, तर वरच्या प्रत्येक डिरेक्टरीत त्या खात्याला प्रवेश आहे का ते पाहावे. कोणाच्या होम डिरेक्टरीत ठेवलेला डेटा इथेच अडकतो. रेड हॅटवर एसई-लिनक्स या जादा सुरक्षा व्यवस्थेने फाइलींना लावलेले लेबलही तपासावे लागते. खाते नव्या गटात घातले असेल, तर आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला तो गट मिळत नाही. सेवा पुन्हा सुरू करावी लागते.