ओळखीच्या चवीचा हात धरून आलेले मसाले

अनोळखी मसाल्याचं पाकीट घरी आणायचं, वास घ्यायचा, चिमूटभर टाकून बघायचं ही हौस हल्लीची, व्हिडिओंच्या काळातली वाटते खरी, पण ती फार जुनी आहे, लिहिण्यावाचण्याच्याही आधीची. डेन्मार्क आणि जर्मनीत सापडलेल्या सुमारे ६००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत आतून चिकटलेलं जळकं अन्न होतं, ते तपासलं तर त्यात मासे आणि मांसाच्या अंशासोबत गार्लिक मस्टर्ड नावाच्या रोपाच्या बियांचे सूक्ष्म कण निघाले. हे संशोधन २०१३ मधे छापून आलं. मोहरीसारखा तिखट वास असलेल्या या बियांत पोट भरण्यासारखं जवळपास काहीच नाही, म्हणजे कोणीतरी त्या चवीसाठीच टाकल्या होत्या. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण पोट भरायचीच मारामार असलेल्या काळातही कोणीतरी चवीचा विचार करत होतं.

पुढचा सगळा इतिहास बघितला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नवीन मसाला घरात सहसा एकटा येत नाही, कुठल्यातरी जुन्या चवीची जागा घ्यायला येतो, आणि दुसरं म्हणजे माल आधी पोचतो, तो वापरायचा कसा ही माहिती बऱ्याचदा मागेच राहते.

हिंगाचंच घ्या. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांना सिल्फियम नावाच्या वनस्पतीचा चीक अतिशय प्रिय होता. ही वनस्पती आजच्या लिबियातल्या सायरीनी शहराच्या आसपास उगवायची, शहराची श्रीमंती तिच्यावर उभी होती आणि तिथल्या नाण्यांवर तिचंच चित्र असायचं. पहिल्या शतकात प्लिनी हा रोमन लेखक लिहितो की त्याच्या काळात तिचं एकच रोप सापडलं आणि ते सम्राट नीरोला भेट म्हणून पाठवलं. मग स्वयंपाक्यांनी काय केलं, तर पूर्वेकडून येणारा हिंग घेतला. अलेक्झांडरच्या सैन्याला हिंदुकुश ओलांडताना सिल्फियमसारखं झाड दिसल्याच्या नोंदी आहेत आणि ते बहुधा हिंगाच्याच कुळातलं असावं. डायोस्कोरिडीस या वैद्याने तर स्पष्ट लिहून ठेवलंय की पूर्वेकडचा चीक कमी ताकदीचा आणि वासाला जास्त घाण असतो. तरी लोकांनी तो घेतला, कारण ओळखीच्या रेसिपीत एक जागा रिकामी झाली होती आणि त्या जागेत बसेल असं दुसरं काही नव्हतं. अपिसियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींमधे दोन्ही येतात, सायरीनीचा चीक आणि पार्थियाचा, म्हणजे इराणकडचा. अस्सल माल संपला तो संपलाच आणि दुय्यम म्हणून नाक मुरडलेला मसाला दोन हजार वर्षं टिकून आहे, म्हणून कोणी "पर्याय" हा शब्द तुच्छतेने वापरला की मला ते पटत नाही.

मिऱ्याची गोष्टही अशीच गुंतलेली आहे. प्लिनीने रोममधले भाव दिलेत, एका पौंडाला पिंपळी १५ दिनार, पांढरी मिरी ७ आणि काळी मिरी ४. म्हणजे आज कुठल्याही टेबलावर दिसणारी काळी मिरी तेव्हा तिघींत सगळ्यात स्वस्त होती आणि पिंपळी सगळ्यात महाग, आणि तीच पिंपळी पुढे युरोपच्या किचनमधून जवळजवळ गायब झाली. मधल्या काळात पश्चिम आफ्रिकेतून ग्रेन्स ऑफ पॅराडाइज नावाचे वेलदोड्याच्या कुळातले तिखट दाणे यायला लागले, मिऱ्याला पर्याय म्हणून चौदाव्या पंधराव्या शतकात त्यांची चांगली चलती होती, मग समुद्रमार्गाने मिरी मुबलक झाली आणि हे दाणे मागे पडले. कुलिंजन म्हणजे गॅलंगलही तेव्हाच्या युरोपीय पाककृतींत सर्रास आढळतं आणि नंतर दिसेनासं होतं. आवडनिवड म्हणून आपण जे मानतो त्यात पुरवठ्याचा वाटा किती मोठा असतो ते इथे कळतं.

इथेच एक गैरसमज दूर करावासा वाटतो, तो म्हणजे मध्ययुगात लोक सडलेल्या मांसाचा वास लपवायला मसाले घालायचे हा. मसाले मांसापेक्षा कितीतरी महाग होते, ज्याला मिरी, लवंग परवडत होती त्याला ताजं मांस सहज मिळत होतं. मसाले घातले जायचे ते चवीसाठी, औषधी गुण आहेत या समजुतीने, आणि श्रीमंती दाखवायला.

आता मिरची, आणि इथे जरा थांबायला हवं कारण इतका मोठा बदल दुसऱ्या कुठल्याही मसाल्याने केलेला नाही. मेक्सिको आणि आसपासच्या भागात लोक हजारो वर्षं मिरची लावत आणि खात होते. कोलंबस निघाला होता मिऱ्याच्या शोधात, जानेवारी १४९३ च्या नोंदीत तो कॅरिबियनमधल्या "आही" बद्दल लिहितो की ही इथल्या लोकांची मिरी आहे आणि आपल्या मिऱ्यापेक्षा सरस आहे. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने दोघींचा काही संबंध नाही, एकीतला तिखटपणा पायपरीनचा आणि दुसरीतला कॅप्सेसिनचा, पण जिभेला "तिखट" हे खातं ओळखीचं होतं आणि त्या खात्यात मिरची जमा झाली. मग स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर ती आफ्रिका, आशिया सगळीकडे गेली आणि शंभरेक वर्षांत इतकी मुरली की पुढच्या पिढ्यांना ती कायमची इथलीच वाटायला लागली.

हे इतकं झटकन का झालं? माझ्या मते याचं उत्तर व्यापारात कमी आणि परसात जास्त आहे. मिऱ्याच्या वेलीला, जायफळाच्या झाडाला ठराविक गरम दमट हवा लागते आणि फळ यायला वर्षं जातात, मिरचीचं बी मात्र कुठेही टाका, एका सीझनमधे फळ येतं, सुकवून ठेवता येतं आणि पुढच्या वर्षीचं बी त्यातच असतं. म्हणजे व्यापाऱ्याची गरजच संपली. ज्यांना मिरी कधीच परवडली नव्हती अशा घरांना पहिल्यांदाच जेवणात तिखट मिळालं आणि ते स्वतःच्या जमिनीतून मिळालं. हंगेरीत पाप्रिका, म्हणजे तिथली मिरची, ऑटोमन तुर्कांच्या काळात पोचली आणि आधी शेतकऱ्यांच्या जेवणात रुजली, मोठ्या लोकांच्या ताटात नंतर गेली. पुढे सेगेड शहरात अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी याच पाप्रिकातून भरपूर क जीवनसत्त्व वेगळं काढलं आणि १९३७ मधे त्यांना नोबेल मिळालं.

पण बी गेलं तरी सगळं ज्ञान सोबत गेलं नाही. मेक्सिकोत एकाच मिरचीचे ताजी आणि सुकी असे दोन वेगळे पदार्थ मानतात, पिकलेल्या हालापेन्योला धुरी दिली की ती चिपोतले होते, सुक्या मिरच्या आधी तव्यावर किंचित भाजून, पाण्यात भिजवून मग वाटतात, आणि कुठली मिरची रंगाला, कुठली मनुकांसारख्या गोडसर चवीला, कुठली तिखटाला हे सगळं ठरलेलं असतं. बाकी जगात बऱ्याच ठिकाणी यातलं फक्त तिखट पोचलं. अर्थात प्रत्येक ठिकाणी लोकांनी आपापल्या पद्धती शोधल्या, स्पेनच्या ला वेरा भागात ओकच्या लाकडाच्या धुरावर मिरची वाळवायला लागले आणि त्यातून एक स्वतंत्र मसाला तयार झाला, म्हणजे माहिती हरवली तिथे नवीन माहिती जन्माला आली असंही म्हणता येईल.

व्हॅनिलाच्या बाबतीत मागे राहिलेल्या माहितीने तर तीनशे वर्षं अडवून ठेवलं. मेक्सिकोतले टोटोनाक लोक ती पिकवायचे, सोळाव्या शतकात ती युरोपात गेली, वेल नेऊन लावलाही, फुलं यायची पण शेंग काही धरेना, कारण मेक्सिकोत परागीभवन करणारे कीटक दुसरीकडे नव्हते. १८३६ मधे बेल्जियममधे शार्ल मोरेन यांनी हाताने परागीभवन करून दाखवलं, पण मळ्यात झटपट करता येईल अशी पद्धत सापडली ती १८४१ मधे हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर, आणि ती शोधली एडमंड अल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने. बारीक काडीने फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा, बस. आजही व्हॅनिला याच पद्धतीने हाताने फळवतात. त्यावर मळेवाल्यांनी पैसा केला, एडमंड गरिबीत १८८० मधे गेला. केक करताना व्हॅनिलाची शेंग हातात घेणाऱ्या प्रत्येकाला हे नाव माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. आणि जायफळाबद्दलही एवढं तरी, की १६२१ मधे डच ईस्ट इंडिया कंपनीने इंडोनेशियातल्या, जायफळ पिकणाऱ्या बांदा बेटांवर मक्तेदारीसाठी तिथल्या बहुतेक मूळ रहिवाशांना मारलं, हाकललं किंवा गुलाम केलं.

मसाले मुबलक झाले तशी युरोपातल्या श्रीमंतांची त्यावरची वासना उडाली. १६५१ मधे फ्रान्समधे ला व्हारेन या स्वयंपाक्याचं पाककृतींचं पुस्तक आलं, त्याच्या आसपास स्वयंपाकाचा कल दालचिनी, आलं, लवंग यांच्याकडून पार्सली, थाईम, तमालपत्रासारख्या बागेतल्या पानांकडे वळला. उलट दिशेचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे, १७४७ मधे हॅना ग्लास यांनी घरगुती स्वयंपाकाच्या पुस्तकात करीची रेसिपी दिली, त्यात मसाला म्हणून धणे आणि मिरी एवढंच, आणि धणे भाजायचे स्वच्छ फावड्यावर, विस्तवावर धरून! हळद आणि आलं नंतरच्या आवृत्त्यांत आलं. बघा, ओळखीच्या दोन गोष्टींपासून सुरुवात आणि अनोळखी हळूहळू मागून, आणि योग्य भांडं नसलं तरी भाजण्याची पायरी मात्र गाळलेली नाही.

विसाव्या शतकात स्थलांतर करणाऱ्या लोकांनी मसाल्यांसोबत त्यांची माहितीही नेली, हा मला खरा मोठा बदल वाटतो, कारण शेजारी राहणाऱ्या माणसाला विचारता येतं की हे तेलात टाकायचं का शेवटी वरून घालायचं. तरी अडथळे होतेच. सिचुआन पेपर या चिनी स्वयंपाकातल्या मसाल्यावर अमेरिकेत १९६८ पासून २००५ पर्यंत आयातबंदी होती, माणसांना धोका म्हणून नाही तर संत्र्या-लिंबांच्या झाडांना होणारा कँकर रोग त्याच्यासोबत येईल म्हणून, नंतर उष्णतेची प्रक्रिया करून आणायला परवानगी मिळाली. हा मसाला तिखटाच्या खात्यात बसतच नाही, त्यातल्या सॅनशूल या द्रव्यामुळे ओठ झिणझिणतात, आणि २०१३ मधे लंडनमधल्या संशोधकांनी मोजलं तर ती झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांसारखी जाणवते असं निघालं. मिरीच्या जागी टाकून कोणी निराश होत असेल तर कारण हे आहे, पर्याय म्हणून नाही तर जोडीला म्हणून तो वापरायचा असतो.

अनोळखी चवीची भीती ही काही घरच्यांची नाटकं नसतात. पॉल रोझिन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी यावर खूप काम केलंय, माणूस काहीही खाऊ शकतो म्हणूनच नवीन गोष्टीला बिचकतो, विष असलं तर? आणि ओळखीच्या चवीत बुडवून दिलं की मुलंही नवीन पदार्थ चाखायला जास्त तयार होतात हे प्रयोगात दिसलंय, म्हणजे रोमन स्वयंपाक्यांनी हिंगाबाबत जे केलं तेच. काहींच्या बाबतीत मात्र कितीही चाखलं तरी जमत नाही, कोथिंबिरीचा वास काही लोकांना साबणासारखा येतो आणि २०१२ मधे त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी थोड्या प्रमाणात जोडला गेला. तेव्हा अशा माणसाला आग्रह करू नये.

भीतीला खरा आधारही आहे, त्यावर बोललंच पाहिजे. चक्रफुलासारखंच हुबेहूब दिसणारं जपानी चक्रफूल विषारी असतं, त्यातलं ॲनिसाटिन मज्जासंस्थेवर घाला घालतं, आणि भेसळीमुळे लोक आजारी पडल्यावर २००३ मधे अमेरिकेच्या एफडीएने चक्रफुलाचे चहा न पिण्याचा इशारा दिला होता. टोंका बीन या सुगंधी बीमधे कूमरिन, म्हणजे जास्त झालं तर यकृताला बाधणारं द्रव्य, भरपूर म्हणून अमेरिकेत १९५४ पासून ते खाद्यपदार्थांत चालत नाही, तर युरोपातले शेफ डेझर्टवर किसून घालतात, आणि तेच कूमरिन कॅसिया जातीच्या दालचिनीतही असतं, म्हणून रोज चमचा चमचा खायची असेल तर सिलोन दालचिनी बरी. जायफळ चिमूटभर ठीक, दोन चमचे पोटात गेलं तर भ्रम आणि धडधड होऊ शकते. म्हणून नवीन काही घेताना पाकिटावर झाडाचं शास्त्रीय नाव आहे का ते बघा, आणि रानातून स्वतः खुडून आणायचं असेल तर ओळखणारा माणूस सोबत हवाच.

गेल्या काही वर्षांत पिंपळी, ग्रेन्स ऑफ पॅराडाइज, गॅलंगल हे युरोप-अमेरिकेतल्या घरांत परत दिसायला लागलेत, आणि लोक त्यांना ज्या जागी वापरून बघतायत ती जागा बहुतेक वेळा मिऱ्याची किंवा आल्याची असते. पिंपळीत मिऱ्याच्या तिखटामागे थोडी गोडसर, दालचिनीकडे झुकणारी चव येते, त्यामुळे फळं, दूध, मध यांच्याबरोबर ती फार छान लागते. गॅलंगल मात्र आल्यासारखं दिसलं तरी चवीला पाइनच्या झाडासारखं आणि लिंबासारखं, आणि आल्याइतकं घातलं तर बाकी काही लागूच देत नाही, तेव्हा पहिल्यांदा पातळ चकत्या रश्शात उकळून वाढताना काढून टाकाव्यात.