पक्ष्यांमधील बुद्धी व जाणीव

शिकणे, आठवण ठेवणे, साधने वापरणे व नव्या अडचणीतून वाट काढणे या पक्ष्यांच्या क्षमतांचा, तसेच पक्ष्यांना स्वतःचा असा काही अनुभव येतो काय या प्रश्नाचा अभ्यास. बुद्धी व जाणीव यांचा उल्लेख बहुधा एकत्र होत असला, तरी त्या भिन्न गोष्टी आहेत. बुद्धीचे मोजमाप वर्तनावरून करता येते. जाणिवेचे मात्र वर्तनावरून किंवा मेंदूतील घडामोडींवरून अनुमानच करावे लागते. जाणिवेचेही निदान दोन स्तर मानले जातात : वेदना, रंग, भूक यांसारखा साधा अनुभव आणि हा अनुभव आपल्याला येत आहे असे स्वभान. पक्ष्यांविषयीचे बरेचसे वाद हे स्तर वेगळे न ठेवल्यामुळे उद्भवलेले दिसतात.

ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या ठिकाणी संवेदनक्षम आत्मा मानला, पण विवेकशील आत्मा माणसापुरता राखून ठेवला. जैन परंपरेत जीवांचे वर्गीकरण इंद्रियांच्या संख्येनुसार केलेले असून तत्त्वार्थसूत्रात (काळ अनिश्चित, सामान्यतः इ. स. दुसरे ते पाचवे शतक) मन असलेल्या जीवांना ‘संज्ञी’ म्हटले आहे. पंचेंद्रिय पशुपक्ष्यांपैकी काही या वर्गात मोडतात. म्हणजे येथे भेदाची रेषा माणूस व इतर प्राणी यांच्यामधून जात नाही. देकार्तने प्राण्यांना यंत्रवत् ठरविले, मात्र त्याने त्यांची संवेदनाही नाकारली होती काय, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. डार्विनने १८७१ मध्ये माणूस व उच्च प्राणी यांच्या मनांतील फरक प्रकाराचा नसून प्रमाणाचा आहे, असे प्रतिपादन केले. त्याचा अनुयायी रोमानिस याने १८८२ मध्ये प्राण्यांच्या हुशारीचे किस्से जमवून ग्रंथ सिद्ध केला. पण किस्से पुरावा म्हणून कितपत चालतात, ही शंका तेव्हापासूनच घेतली गेली. १८९४ मध्ये लॉइड मॉर्गनने सांगितलेला दंडक आजही प्रमाण मानला जातो : साध्या मानसिक क्रियेने उलगडा होत असेल, तर वर्तनाचा अर्थ उच्च क्षमतेने लावू नये. बर्लिनमधील हान्स नावाच्या घोड्याने या दंडकाचे महत्त्व पटवून दिले. गणिताचे उत्तर तो खूर आपटून देत असे. योग्य संख्या गाठली जाताच प्रश्नकर्त्याचे डोके नकळत किंचित वर होई आणि तेवढ्या खुणेवर घोडा थांबे, हे ओस्कार फुंग्स्टने १९०७ मध्ये दाखविले. प्रश्नकर्त्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसले, की घोडाही चुकत असे.

पक्ष्यांच्या बाबतीत खरा अडसर वर्तनाचा नव्हता, तो शरीररचनेचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन मेंदूशास्त्रज्ञ लुडविग एडिंगर याने असे मत मांडले, की पृष्ठवंशी प्राण्यांचा मेंदू उत्क्रांतीत थरावर थर चढत वाढला असून सस्तन प्राण्यांचे सहा स्तरांचे बाह्यक (मेंदूचे बाहेरचे आवरण, कॉर्टेक्स) हा त्यातील सर्वांत नवा थर होय. पक्ष्यांच्या मेंदूत असे बाह्यक दिसत नाही. त्यांचे अग्रमस्तिष्क गाठींसारख्या पुंजक्यांचे बनलेले असते व वरवर पाहता ते सस्तन प्राण्यांच्या तलगंडिकांशी, म्हणजे मुख्यतः हालचाली व सवयी यांच्याशी निगडित भागांशी, मिळतेजुळते वाटते. त्यामुळे या भागांना पॅलिओस्ट्रायटम, निओस्ट्रायटम, हायपरस्ट्रायटम अशी नावे पडली आणि पक्ष्यांचे सारे वर्तन सहजप्रेरणेचे, हा निष्कर्ष नावांतच गोवला गेला. १९६० च्या दशकापासून हार्वी कार्टेन व इतरांनी विकरांच्या (एन्झाइमांच्या) रंजनाने व चेतातंतूंचा माग काढून दाखवून दिले, की यांपैकी थोडाच भाग खऱ्या अर्थाने तलगंडिकांचा आहे. दृष्टी व श्रवण यांचे मार्ग उरलेल्या भागात ज्या रीतीने पोहोचतात, ती रीत सस्तन प्राण्यांच्या बाह्यकातील मार्गांसारखी आहे. तरीही जुनी नावे जवळजवळ चाळीस वर्षे टिकली. अखेर २००२ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात भरलेल्या परिषदेत नवी परिभाषा ठरली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि निओस्ट्रायटमचे निडोपॅलियम, हायपरस्ट्रायटमच्या भागांचे मेसोपॅलियम व हायपरपॅलियम झाले. पॅलियम म्हणजे अग्रमस्तिष्काचे प्रावरण. सस्तन प्राण्यांचे बाह्यक हाही त्याचाच भाग होय.

मात्र पक्ष्यांतील हे भाग बाह्यकाशी समजात, म्हणजे सामाईक पूर्वजापासून आलेले, आहेत काय, यावर मतभेद आहेत. कार्टेनच्या मते बाह्यकाच्या स्तरांतील पेशीगटच पक्ष्यांमध्ये पुंजक्यांच्या रूपाने आढळतात. भ्रूणविकासावर भर देणाऱ्या दुसऱ्या पक्षाच्या मते ते प्रावरणाच्या वेगळ्या प्रदेशातून उद्भवतात व त्यांचे नाते बाह्यकापेक्षा बदामाकार गंडिकेसारख्या (अमिग्डाला) रचनांशी अधिक जवळचे आहे. २०२० मध्ये कबूतर व गव्हाणी घुबड यांच्या प्रावरणात बाह्यकाप्रमाणे उभ्या-आडव्या तंतूंची नियमित मांडणी आढळली, तेव्हा पहिल्या मताला बळ मिळाल्यासारखे वाटले. परंतु २०२५ मध्ये पेशींच्या जनुकीय क्रियाशीलतेवरून व विकासक्रमावरून केलेली संशोधने, जरी ती सर्वस्वी एकमुखी नसली, तरी एकंदरीत समांतर उत्क्रांतीकडे झुकतात. म्हणजे सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी विलग झालेल्या दोन शाखांनी सारख्या कामासाठी सारखी मंडले स्वतंत्रपणे घडविली असावीत. हेच मत अधिक संभवनीय दिसते. तसे असेल, तर बाह्यकाचा अभाव हा जाणिवेच्या अभावाचा पुरावा ठरत नाही.

मेंदूच्या लहान आकाराचा आक्षेप तुलनेने लवकर निकालात निघाला. मेंदूच्या ऊतीचे एकजीव द्रावण करून त्यातील पेशीकेंद्रके मोजण्याच्या तंत्राने २०१६ मध्ये २८ जातींच्या पक्ष्यांची पाहणी करण्यात आली. पोपट व गायक पक्षी यांच्या मेंदूत त्याच वजनाच्या प्रायमेट (माकडे, वानर इत्यादींच्या) मेंदूच्या सरासरी दुप्पट चेतापेशी आढळल्या. अक्रोडाएवढा मेंदू असलेल्या मकाव पोपटाच्या प्रावरणात सुमारे १९० कोटी चेतापेशी असतात; मकाक माकडाच्या, कितीतरी मोठ्या, मेंदूतील तत्सम भागात त्या काहीशा कमीच आहेत.

वर्तनाच्या पुराव्यात कावळ्यांचे कुल व पोपट यांचेच प्राबल्य आहे. कावळ्यांच्या कुलातील ‘स्क्रब जे’ हा पक्षी अन्न पुरून ठेवतो. निकोला क्लेटन व अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये त्याला वाळूच्या तबकांत शेंगदाणे व मेणकिड्याच्या अळ्या पुरू दिल्या. अळ्या त्याला अधिक प्रिय, पण त्या लवकर नासतात. चार तासांनी सोडल्यावर पक्षी अळ्यांच्या जागा उकरत. १२४ तासांनी सोडल्यावर, अळ्या नासतात हे आधी अनुभवलेले पक्षी शेंगदाण्यांकडे वळत. चाचणीपूर्वी अन्न काढून वाळू बदललेली असल्याने वासाचा आधार नव्हता. काय, कुठे व केव्हा यांची अशी सांगड म्हणजे आठवण मनात पुन्हा जगणे नव्हे, म्हणून संशोधकांनी तिला ‘प्रासंगिक-सदृश’ (स्वतःच्या अनुभवातील प्रसंगाच्या आठवणीसारखी) स्मृती एवढेच म्हटले. पुढे २००१ मध्ये असे आढळले, की पुरताना दुसरा पक्षी पाहत असल्यास स्क्रब जे नंतर एकांतात अन्नाची जागा बदलतो. पण स्वतः पूर्वी चोरी केलेले पक्षीच असे करतात.

न्यू कॅलेडोनियन कावळ्याविषयीचे मत मात्र बदलावे लागले. ऑक्सफर्डमधील बेट्टी या मादीने सरळ तार वाकवून आकडा केला व त्याने नळीतील खाद्याची बादली वर काढली, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर तो सूझेचा नमुना मानला गेला. २०१६ मध्ये याच जातीचे, रानातून पकडलेले कावळे काटक्या वाकवून साधने करतात असे दिसल्याने त्यात जातिगत सवयीचा वाटा किती, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. आयरीन पेपरबर्ग यांच्या ॲलेक्स या आफ्रिकी करड्या पोपटाला (१९७७ पासून अभ्यास, मृत्यू २००७) रंग, आकार, सहापर्यंतची संख्या आणि ‘सारखे–वेगळे’ हे भेद शब्दांत सांगता येत, हान्सच्या उदाहरणामुळे त्याच्या चाचण्या विशेष काटेकोरपणे घेतल्या गेल्या.

स्वभानासाठी गॅलपची आरसा-चाचणी (१९७०) वापरतात : केवळ आरशातच दिसेल असा ठिपका प्राणी स्वतःच्या अंगावर शोधतो काय, हे पाहायचे. २००८ मध्ये कावळ्यांच्याच कुलातील पाच मॅगपाय पक्ष्यांपैकी निदान दोघांनी असा शोध घेतल्याचे नोंदविले गेले. २०२० मधील पुनरावृत्तीत त्याला दुजोरा मिळाला नाही.

अनुभवाच्या पातळीवरील सर्वांत थेट पुरावा ट्यूबिंगेन विद्यापीठातील आंद्रेआस नीडर व सहकारी यांचा (२०२०) होय. दोन कावळ्यांना पडद्यावर दिसेल-न दिसेल असा मंद ठिपका दाखवीत. काही क्षणांनी येणारा रंग, ‘दिसला’ हे कोणत्या कृतीने सांगायचे ते ठरवी. त्यामुळे मधल्या काळात हालचालीची तयारी शक्य नव्हती. निडोपॅलियमच्या मागील बाजूच्या चेतापेशी आधी ठिपक्याच्या तेजानुसार व नंतर कावळ्याच्या उत्तरानुसार उद्दीपित होत. ठिपका तोच असूनही ‘दिसला’ व ‘दिसला नाही’ यांची क्रिया भिन्न होती. कार्यकारी स्मृतीनेही (माहिती थोडा वेळ मनात धरून ठेवण्याने) याचा उलगडा होऊ शकतो, हा आक्षेप पूर्णपणे दूर झालेला नाही.

इतर प्राण्यांमध्ये सस्तन प्राण्यांच्या जाणिवेविषयी फारसा वाद उरलेला नाही. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी बहुसंख्य त्याच्या भुजांत असल्याने त्याच्या अनुभवाची एकसंधता हाच प्रश्न आहे. भुंगमाश्या खाद्याचे आमिष नसताना लहान चेंडू लोळवितात, असे २०२२ मध्ये आढळले. सरपटणाऱ्या प्राण्यांवरील संशोधन तुटपुंजे आहे.

जुलै २०१२ मधील शास्त्रज्ञांच्या केंब्रिज जाहीरनाम्याने पक्ष्यांमध्ये जाणिवेस आवश्यक अशी चेतासंस्था असल्याचे मान्य केले. एप्रिल २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याने सस्तन प्राणी व पक्षी यांच्या जाणिवेस भक्कम वैज्ञानिक आधार असल्याचे म्हटले असून उरलेले पृष्ठवंशी व अनेक अपृष्ठवंशी यांच्याबाबत वास्तव शक्यता वर्तविली आहे. ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणिसंवेदना कायद्यात खेकड्यांचा गट व ऑक्टोपसचा वर्ग तज्ज्ञ-अहवालानंतर जोडण्यात आले. पक्षी पृष्ठवंशी असल्याने मूळ मसुद्यातच समाविष्ट होते.